दुधाचा हबका

"मॅडम, रिपोर्टमध्ये दूध आलंय," हेमंत म्हणाला आणि त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

मी चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला. नाचणी-ज्वारी कुकी, पहिला प्रॉडक्शन लॉट. दुधातलं प्रोटीन : आढळलं. ज्या कुकीत दूध नाही, तूप नाही, लोणी नाही, मिल्क पावडर नाही, अशी कुकी मी चार महिने खपून बनवलेली. आणि तिच्यातच दूध.

"लॅबने सॅम्पलची अदलाबदल केली असेल," मी म्हणाले. आमच्या धंद्यात रिपोर्ट वाईट आला की पहिलं वाक्य हेच असतं.

"मी फोन केलेला. त्यांनी दोनदा टेस्ट केलीय."

मी खुर्चीत बसले. रिपोर्ट तिसऱ्यांदा वाचायला घेतला.

आधी मी कोण ते सांगते. मी शैला. बिस्किटांच्या एका मोठ्या कारखान्यात बत्तीस वर्षं प्रॉडक्ट डेव्हलपमेंटला होते. म्हणजे नवीन बिस्कीट ठरवायचं, त्याचं माप बसवायचं, आणि रोज हजारो निघाली तरी प्रत्येकाची चव तीच राहील असं बघायचं. रिटायर झाल्यावर वर्तकनगरच्या घरात तीन महिने झाडांना पाणी घातलं. नंतर झाडंही कंटाळली आणि मीही. तेवढ्यात हेमंतचा फोन आला. वागळे इस्टेटमध्ये त्याच्या वडिलांनी सुरू केलेला लाडू-चिवड्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दोन गाळे. पुढच्यात लाडू-चिवडा होतो. मागचा रिकामा होता, तिथे हेमंतने ओव्हन घेऊन कुकीजची लाईन टाकली, सहा बायकांना कामाला लावलं आणि मला कन्सल्टंट म्हणून बोलावलं.

ऑर्डर डोंबिवलीच्या अदितीची होती. तिशीतली मुलगी, आयटीतली नोकरी सोडून हेल्दी खाण्याचा स्वतःचा ब्रँड काढलेला. तिला व्हीगन कुकी हवी होती. व्हीगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीही नको. दूध, तूप, अंडं आणि मधसुद्धा नाही. वर मैदा नको, साखर नको. मी हेमंतला म्हणाले, "मग उरलं काय? डबा?" पण खरं सांगायचं तर मला चेव आला होता. सोपं बिस्कीट मी आयुष्यभर केलेलं होतं.

हेमंतने मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. ही एक ऑर्डर टिकली तर मागची लाईन चालेल. नाही तर तो गाळा भाड्याने जाईल, गिऱ्हाईक तयारच आहे. पुढच्या गाळ्यात आणखी सहा जणींना जागा नव्हती. म्हणजे रिपोर्टमधल्या त्या एका शब्दाने सहा बायका घरी बसणार होत्या.

आता थोडं कुकीबद्दल. मैद्यात ग्लूटेन असतं. कणीक ताणली की ताणली जाते ती त्याच्यामुळे. बिस्कीट हातात धरलं तर धड राहतं तेही बरंचसं त्याच्यामुळेच. नाचणी आणि ज्वारीत ते नाही. त्यामुळे नुसत्या नाचणीची कुकी उचलली की भुगा होतो, आणि भुगा नाही झाला तर दातांखाली वाळूसारखी कचकचते. भुग्याचा प्रश्न मी जवसाच्या पुडीने सोडवला. जवसाची पूड पाण्यात भिजवली की चिकट होते, ती पीठ धरून ठेवते. लोण्याच्या जागी खोबरेल तेल घेतलं, साखरेच्या जागी गुळाची पावडर. कचकच मात्र जाता जात नव्हती. घरच्या ओव्हनमध्ये एकवीस ट्रायल झाल्या. माझे मिस्टर शेवटी शेवटी चहाबरोबर बिस्कीट म्हटलं की पेपर तोंडापुढे धरायचे.

मग मी पीठ भाजून घ्यायचं ठरवलं. भाजलं की कच्चट वास जातो आणि पीठ थोडं हलकं होतं. भाजायचं काम आमच्या सहा जणींतल्या कुसुमताईंना दिलं. कुसुमताई दिवा स्टेशनच्या बाजूच्या गावातल्या, आगरी. पुढच्या गाळ्यात वीस वर्षं बेसनाच्या लाडवांचं पीठ त्यांनीच भाजलेलं. मोठी लोखंडी कढई, हातात लांब दांड्याचा उलथना आणि तोंडाने अखंड बडबड. त्यांनी भाजलेल्या पिठाची पहिली कुकी मी खाल्ली तेव्हा डोळेच मिटले. कचकच गायब. जिभेवर विरघळत होती. तिथे उभ्या उभ्या मी हेमंतला सांगितलं, "बघ, भाजण्याचं टेंपरेचर बरोबर पकडलं मी." मी पकडलं म्हणे. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

अदितीला ती कुकी इतकी आवडली की तिने तिथेच ऑर्डर पक्की केली. शंभरेक छोटी पाकिटं चव बघायला म्हणून नेली, आणि आम्ही पहिला लॉट काढून नियमाप्रमाणे लॅबला सॅम्पल पाठवलं. त्याचा हा रिपोर्ट.

"मॅडम, आता काय करायचं?" हेमंतने विचारलं.

"शोधायचं," मी म्हणाले.

पहिला संशय चॉकलेटवर. कुकीत बिनसाखरेच्या डार्क चॉकलेटचे तुकडे होते, आणि डार्क म्हणून विकतात त्यात खूपदा दुधाचा अंश असतो. मी सप्लायरला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. तो बिचारा "मॅडम, मॅडम" करत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने टेस्टचे कागद पाठवले. शिवाय मी आमच्याकडच्या पाकिटातला तुकडा वेगळा लॅबला दिला होता. दोन्ही स्वच्छ. त्याला परत फोन करून माफी मागितली. मला माफी मागायला फार जड जातं. तरी मागितली.

दुसरा संशय भांड्यांवर. पुढच्या गाळ्यात तूप आणि मिल्क पावडर असते. तिथला एखादा ट्रे मागे आला, एखादा डाव इकडचा तिकडे झाला, तरी अंश लागू शकतो. मिक्सर, ट्रे, ओव्हनच्या जाळ्या, सगळं पुसून ती फडकी तपासायला दिली. स्वच्छ. आमच्या बायकांनी भांडी वेगळी ठेवली होती, निळ्या पट्ट्या चिकटवून. मी उगाच त्यांच्यावर डोळे वटारत फिरत होते.

राहिलं पीठ. पण पीठ गिरणीतून सीलबंद पोत्यात येत होतं. पोत्यातलं पीठ तपासलं, तेही स्वच्छ. मी हात टेकले. हेमंतने एव्हाना गाळ्याच्या गिऱ्हाइकाशी पुन्हा बोलायला सुरुवात केली होती. मला कळू नये म्हणून जिन्यात जाऊन बोलायचा, पण जिन्यात आवाज घुमतो.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. लॉटच्या प्रत्येक बॅचचं एक पाकीट आम्ही राखून ठेवतो. अशी आठ पाकिटं होती. आठही टेबलावर मांडली आणि एकेक कुकी खाल्ली. सात मऊ, खुसखुशीत. पाचवी कचकचली. पुन्हा खाल्ली. कचकच होतीच, माझ्या घरच्या ट्रायलसारखी.

"पाचवी बॅच कधी काढलेली?" मी लताला विचारलं. लता पॅकिंगला होती, रजिस्टर तीच लिहायची.

"शुक्रवारी. कुसुमताई पुतण्याच्या हळदीला गेलेल्या ना. पीठ मी भाजलेलं, मॅडम. काय चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले आणि पाचवी बॅच वेगळी, तिसरी वेगळी अशी दोन सॅम्पलं पाठवली. रिपोर्ट आला. तिसरीत दूध. पाचवीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल घेऊन कढईपाशी जाऊन बसले. कुसुमताईंना काहीच सांगितलं नाही.

"काय बाय, आज ऑफिसात करमत नाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही करमत. तुम्ही भाजा, मी बसते."

त्या भाजत होत्या. नाचणीचा वास सुटला. हळदीत कोण किती नाचलं, डीजेवाला कसा उशिरा आला, सगळं मला ऐकवून झालं. पीठ तांबूस झालं तशी त्यांनी आच कमी केली. बाजूच्या पातेल्यात हात घातला आणि कढईवर सपकन शिंतोडे मारले. पीठ चरचरलं, फुललं. पुन्हा हात घातला, पुन्हा शिंतोडे. भराभर उलथना फिरवला.

मी उठून पातेल्यात पाहिलं. दूध. त्यांच्या सकाळच्या चहासाठी आणलेल्या पिशवीतलं.

तुमच्यापैकी ज्यांनी घरी बेसनाचे लाडू केलेत त्यांना आत्ताच सगळं कळलं असेल. पीठ भाजत आलं की दुधाचा हबका मारतात. हबका म्हणजे हाताने मारलेले शिंतोडे. पीठ फुलतं, रवाळ होतं, लाडू टाळूला चिकटत नाही. माझ्या आईने मारला, सासूने मारला. दर दिवाळीला मी स्वतः मारते. बत्तीस वर्षं बिस्किटांत घालवलेल्या बाईला हे कढईशेजारी बसेपर्यंत सुचलं नाही.

"कुसुमताई, यात दूध घालायचं नाही असं मी सांगितलं होतं ना?"

"मी कुठं घातलं?" त्या खरोखर चकित झाल्या. "पीठ मळताना दूध नाय, तूप नाय. मी कधी घातलं, सांगा. ह्यो तर हबका हाय. उडून जातो तो."

"उडून पाणी जातं. दूध राहतं."

मी त्यांना रिपोर्टचं सगळं सांगितलं. उलथना हातात तसाच राहिला आणि पीठ करपायला लागलं, तेव्हा मीच गॅस बंद केला.

"म्हंजे माझ्यामुळं झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मना काय ठाव, बाय. हबक्याबिगर पीठ भाजायचं मला कोणी शिकवलंच नाय."

मला तेव्हा स्वतःचा इतका राग आला. कुकी चांगली झाली ती त्यांच्या हबक्यामुळे, आणि टेंपरेचर पकडलं म्हणून मी मिरवत होते. मी रेसिपी कार्डावर लिहिलेलं, "पीठ खमंग भाजून घेणे." बास. कसं भाजता, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

हेमंतला सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला. "सुटलो. उद्यापासून हबका बंद. नवीन बॅच काढू, लॅबला पाठवू, पास होईल. अदितीला कळायचं कारणच नाही."

"आणि तिने वाटलेली पाकिटं?"

"ती लोकांनी खाल्लीसुद्धा असतील, मॅडम. कुणाला काय झालंय का? आणि नाव घ्यायचंच झालं तर कुसुमताईंचं आहेच. त्यांना पुढे लाडवांना परत पाठवू."

माझा पारा एकदम चढला. "हेमंत, दूध कुठून येतंय हे सात दिवस मी शोधत होते. त्या बाईने लपवलं नव्हतं, मी बघितलं नव्हतं. नाव घ्यायचं तर माझं घे. आणि अदितीला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, मी आत्ता फोन करतेय. तुला नको असेल तर मी उद्यापासून येत नाही."

त्याने माझा फोन माझ्यापुढे सरकवला. वाईट मुलगा नाही तो. घाबरला होता, एवढंच.

अदितीने सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "पाकिटांत पण?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "कळव्याच्या एक बाई आहेत. त्यांच्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे. त्यांनी दोन पाकिटं नेलीत." आणि फोन ठेवला.

पुढची वीस मिनिटं माझ्या नोकरीतली सगळ्यात वाईट. दुधाची ॲलर्जी म्हणजे पोट बिघडण्यावर भागत नाही. कधीकधी श्वास अडकतो. मी फोनकडे बघत बसले होते. कुसुमताई दारात उभ्या, आत येत नव्हत्या आणि जातही नव्हत्या.

अदितीचा फोन आला. "पाकिटं उघडलेली नाहीत. त्या म्हणाल्या, लॅबचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय मी मुलीला काहीच देत नाही." मी कुसुमताईंकडे बघून मान हलवली. त्या दारातच खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. मीही रडले थोडी. लपवण्यात अर्थ नाही.

"बाकीच्यांना मी एकेक फोन करतेय," अदिती म्हणाली. आवाज थंड होता. "ऑर्डरचं मला आत्ता विचारू नका. गुरुवारी मी तिथे येते. मला सगळं डोळ्यांनी बघायचंय."

गुरुवारपर्यंत चार दिवस होते. हबका बंद केला की दूध जात होतं आणि कचकच परत येत होती. दूध नाही म्हणून सांगून दगड विकता येत नाही. मी पाण्याचा हबका मारायला लावला. गुठळ्या झाल्या. पाणी पडतं तिथेच पीठ धरतं, दूध जरा पसरतं, कारण दुधात स्निग्धांश असतो. म्हणजे स्निग्धांश हवा, पण गाईम्हशीचा नको. मी सोयाचं दूध आणलं. गुठळ्या गेल्या, पण चव उग्र झाली. काजूचं करून बघितलं, कढईला लागलं.

दोन दिवस कुसुमताई गप्पच होत्या. सांगेन तेवढं करायच्या. त्यांची बडबड बंद झाली तर गाळा कसा सुना वाटायला लागला. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम खेकसले, "तुम्हाला काही सुचतंय का, की मीच एकटी डोकं फोडून घेऊ?"

त्यांनी उलथना खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नारलाच्या दुदाचा मारू का? आमच्याकडं कालवणात पडतं, ते नाय फाटत आचेवर. पातल घ्याचं. पयलं दाट काढून ठेवाचं."

पहिलं दाट बाजूला काढून दुसरं पातळ घ्यायचं, हे मला माझ्या बत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नसतं. नारळ आणले. त्यांनी खवले, वाटले, पिळले. पातळ दुधाचा हबका बसला तसं पीठ चरचरलं आणि फुललं. त्यांनी उलथना फिरवत पुरतं कोरडं होईपर्यंत भाजलं. ओल राहिली तर नारळ खवट होतो, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं.

कुकी ओव्हनमधून निघाली. गार होईपर्यंत थांबायचं असतं, कारण गरम असताना प्रत्येक कुकी मऊच लागते. त्या सहा आणि मी, आम्ही सातही जणी ट्रेभोवती उभ्या होतो. हेमंत मागे. मी तोडली. टकन तुटली, भुगा नाही. खाल्ली. कचकच नाही. मागून नारळाची जराशी चव, जी आधीच्या कुकीत नव्हती.

"आधीच्यापेक्षा बरी झालीय," मी म्हणाले. माझ्या तोंडून बरी म्हणजे काय ते आता त्या सहा जणींना माहीत होतं. लताने कुसुमताईंना मिठीच मारली.

त्याच दिवशी सॅम्पल लॅबला गेलं. गुरुवारी अदिती आली तेव्हा रिपोर्ट टेबलावर होता. दूध : आढळलं नाही. तिने तो वाचला आणि बाजूला ठेवला. "मला कढई बघायचीय."

मी तिला आत नेलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण तिने मला थांबवलं आणि कुसुमताईंना विचारलं, "तुम्ही सांगा. काय झालं होतं?"

कुसुमताईंनी सगळं सांगितलं. काहीही न लपवता, उलथना न थांबवता. "चूक झाली माझी. पन मुद्दाम नाय केली. आता ह्यो नारलाचा हाय. आन पातेलं माझ्याच ताब्यात. चायचं दूद या गाल्यात येत नाय, चाय आम्ही फुडं जाऊन पितो." मग अदितीच्या हातावर चिमूटभर भाजलेलं पीठ ठेवलं. "खाऊन बगा."

अदितीने खाल्लं. मग बराच वेळ प्रश्न विचारत राहिली. नारळ कुठून येतात, दूध किती वेळ ठेवता, तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हा कोण भाजणार. बत्तीस वर्षांत मोठमोठे ऑडिटर पाहिलेत मी, टाय लावून येणारे. इतके नेमके प्रश्न थोड्यांनीच विचारले. आणि कुसुमताईंनी एकाही प्रश्नाला माझ्याकडे बघितलं नाही. मला त्या दोघींचा इतका अभिमान वाटत होता की मी मुद्दाम ओव्हनकडे तोंड करून उभी राहिले.

निघताना अदिती म्हणाली, "मॅडम, तुम्ही फोन केला नसता तर मला कळलंच नसतं."

"हो," मी म्हणाले.

"म्हणून ऑर्डर ठेवतेय. पहिला लॉट मात्र मी घेणार नाही."

तो लॉट आम्ही विकला नाही. दुधाचं स्पष्ट सांगून ज्यांना हवा त्यांना वाटून टाकला. हेमंतने जिन्यात जाऊन एक फोन केला आणि गाळा भाड्याने द्यायचा नाही म्हणून सांगितलं. पहिल्या लॉटच्या नुकसानीबद्दल तो दोन दिवस कुरकुरला, मग नव्या लॉटच्या पहिल्या पेटीला स्वतः हार घातला. पाकिटावर घटकांमध्ये नारळाचं दूध आलं. कार्डावर हबका आला, मापासकट : पाच किलो पिठाला किती वाट्या, किती वेळा, कुठल्या रंगावर. ते माप काढायला मी कुसुमताईंचा हात चार दिवस वाटीने मोजला. त्या वैतागल्या. प्रत्येक वेळी जवळजवळ तेवढंच भरलं. कार्डावर पिठाच्या पायरीपुढे मंजुरीची सही असते. तिथे आता त्यांची सही आहे, आणि लता व आणखी एकीला भाजायला शिकवायचं कामही त्यांच्याकडेच आहे. कळव्याच्या त्या बाईंनी रिपोर्ट मागवला, वाचला आणि मग मुलीला कुकी दिली. आता महिन्याला चार पाकिटं नेतात.

यातून मी एवढंच शिकले : नवीन रेसिपी कार्ड ऑफिसात बसून लिहायचं नाही. आधी स्टूल घेऊन काम करणाऱ्या बाईच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं, कार्डावर नाही असं तुम्ही यात काय घालता? पहिलं उत्तर नेहमी "काय नाय" असंच येतं. तरी उठायचं नाही.